नाण्यावरचा नागोबा

खिशातले रुपयाचे नाणे काढून मुलांच्या हातावर ठेवा आणि विचारा, "हे नाणे कोणाचे?" एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह दिसतात, त्यामुळे "भारत सरकारचे" हे उत्तर चटकन मिळते. सुमारे साडेअठराशे वर्षांपूर्वी काळ्या समुद्राच्या दक्षिण काठावरच्या एका लहान गावात हाच प्रश्न विचारला असता, तर उत्तर इतके सरळ आले नसते. त्या गावच्या ब्राँझच्या नाण्यावर एका बाजूला रोमच्या सम्राटाचा चेहरा होता, आणि दुसऱ्या बाजूला वेटोळे घातलेला एक साप. त्याचे डोके मात्र सापाचे नव्हते. ते माणसाच्या डोक्याची आठवण करून देणारे होते. शेजारी ग्रीक अक्षरांत त्याचे नावही कोरलेले होते : ग्लिकॉन.

या सापाची हकिगत आम्ही येथे सांगणार आहोत. ती गमतीची तर आहेच, पण आम्ही ती निवडली ती दुसऱ्याच कारणाने. इतिहासातला पुरावा नेमके काय सिद्ध करतो आणि काय सिद्ध करीत नाही, हे समजावून सांगायला इतके सोपे उदाहरण क्वचितच मिळते.

एका नाण्याचे दोन धनी

रोमन साम्राज्यात सोन्याची नाणी सम्राटाच्या टांकसाळीत पडत. चांदीच्या नाण्यांवरही सत्तेची पकड घट्ट होती. पण बाजारात भाजी, तेल, पाव घ्यायला चिल्लर लागते. ही चिल्लर ग्रीस, आशिया मायनर (म्हणजे आजचा तुर्कस्तान), सीरिया अशा पूर्वेकडील प्रांतांत तिथली शहरे स्वतःच पाडत. धातू बहुधा ब्राँझ, म्हणजे तांबे व कथील यांचा मिश्रधातू, आपले कांसे. अशी नाणी पाडणारी शहरे पाचशेच्या वर होती. पश्चिमेकडील प्रांतांत ही पद्धत पहिल्या शतकाच्या मध्याला बंद पडली. पूर्वेत ती तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चालली.

नाणे पाडण्याची रीत साधी होती. एक ठसा ऐरणीत बसवायचा, त्यावर धातूची चकती ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि हातोड्याचा घाव घालायचा. ठसे हाताने कोरलेले, म्हणून कोणतेही दोन ठसे तंतोतंत सारखे नसतात. याच बारीक फरकांवरून आजचे नाणेतज्ज्ञ कोणते नाणे कोणत्या ठशाचे हे ओळखतात.

एका बाजूला बहुधा सम्राट किंवा त्याच्या घरातले कोणीतरी असे. दुसरी बाजू गावाची. तिथे काय घालायचे हे सम्राट सांगत नसे, गावची प्रतिष्ठित मंडळी ठरवीत. आपल्या गावात अभिमानाचे काय आहे? कुठे पूल, कुठे बंदर, पण बहुतेक ठिकाणी गावचे दैवत आणि त्याचे देऊळ. एफिससच्या नाण्यांवर आर्टेमिस देवीची उभी मूर्ती दिसते. सायप्रसमधल्या पाफोसच्या देवळात अफ्रोडायटीची घडीव मूर्ती नव्हती, शंकूच्या आकाराचा दगड होता. आपल्याकडे ज्याला तांदळा म्हणतात त्या जातीचा. नाण्यावर देवळाच्या खांबांमध्ये तो दगड स्पष्ट दिसतो. सीरियातल्या एमेसाच्या, म्हणजे आजच्या होम्सच्या नाण्यांवरही असाच पवित्र दगड आहे आणि त्याच्यापुढे गरुड आहे.

सम्राटाचीही देवळे असत. असे देऊळ बांधण्याचा मान रोमकडून मिळाला, की शहर स्वतःला 'नेओकोरोस' म्हणवून घेई. शब्दशः अर्थ देवळाची राखण करणारा, जवळजवळ आपला गुरव. हा मान दोनदा मिळाला की तीनदा, हे शहरे नाण्यावर छापून शेजाऱ्यांना दाखवीत.

नाण्यावरचा मजकूर बहुतेक ठिकाणी ग्रीक असे आणि त्यात गावाचे नाव एका खास रूपात येई. नुसते 'एफिसस' नाही, तर 'एफिससकरांचे'. पुणेकरांचे, नाशिककरांचे म्हणावे तसे. आपल्या सापाच्या नाण्यावर 'अबोनोतिखोसकरांचा ग्लिकॉन' अशा अर्थाचे शब्द आहेत. 'तिखोस' म्हणजे तट. तेव्हा गावाचे नाव झाले 'अबोनूचा कोट'. आणि 'ग्लिकॉन' म्हणजे गोड, गोडबोले. ज्या ग्रीक शब्दावरून ग्लुकोज हे नाव आले, त्याच कुळातला हा शब्द.

ल्युशियनची साक्ष

या गोडबोल्या देवाची जन्मकथा आपल्याला एकाच माणसाने तपशीलवार सांगितली आहे. त्याचे नाव ल्युशियन. तो युफ्रेटिस नदीकाठच्या समोसाटा या गावचा. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला हा लेखक ग्रीक भाषेत लिहीत असे. सम्राट मार्कस ऑरेलियस इ.स. १८० मध्ये वारला, त्यानंतर केव्हातरी त्याने 'अलेक्झांडर, खोटा प्रेषित' या अर्थाच्या नावाचे लिखाण केले. हा अलेक्झांडर म्हणजे जगज्जेता सिकंदर नव्हे. हा अबोनोतिखोसचा एक देखणा, हुशार, बोलका गृहस्थ.

ल्युशियन सांगतो ते थोडक्यात असे. अलेक्झांडर आणि त्याचा एक जोडीदार यांनी मॅसिडोनियातल्या पेल्ला गावी एक मोठा, माणसाळलेला साप थोड्या पैशांत विकत घेतला. मग एका जुन्या देवळात ब्राँझचे पत्रे पुरले आणि यथावकाश ते 'सापडू' दिले. वैद्यकाचा देव आस्क्लेपियस लवकरच अबोनोतिखोसला येणार, असे त्यांवर लिहिलेले होते. गावकऱ्यांनी लगेच देवळाचा पाया खणायला घेतला. पायात पाणी साचले होते. अलेक्झांडरने हंसाचे एक अंडे पोखरून त्यात सापाचे नुकते जन्मलेले पिल्लू घातले, फट मेण आणि शिशाचा सफेदा यांनी बुजवली आणि रात्री ते अंडे त्या चिखलात लपवले. दुसऱ्या दिवशी सर्वांदेखत त्याने ते बाहेर काढून फोडले. देव अवतरला!

थोड्याच दिवसांत हे पिल्लू 'वाढले'. अंधाऱ्या खोलीत पेल्लाचा तो मोठा साप अंगाभोवती गुंडाळून अलेक्झांडर बसे. सापाचे खरे डोके काखेत दडवलेले असे, आणि दाढीजवळून बाहेर डोकावे ते कापडाचे रंगवलेले डोके. घोड्याच्या केसांच्या दोऱ्यांनी त्याचे तोंड उघडे-मिटे. लोकांना एका दाराने आत घेत आणि दुसऱ्याने लगेच बाहेर काढीत.

मग कौल सुरू झाले. प्रश्न लिहून, गुंडाळून, त्यावर मेणाची मुद्रा करून द्यायचा. मुद्रा न फुटता उत्तरासह कागद परत मिळे. ल्युशियन यातली हातचलाखीही उघड करतो. एक पद्धत तापलेल्या सुईने मुद्रेखालचे मेण सोडवण्याची. दुसरी मुद्रेचा साचा घेण्याची : डांबर, मेण वगैरेंचा मऊ गोळा मुद्रेवर दाबायचा, तो घट्ट झाला की मूळ मुद्रा खुशाल फोडायची आणि वाचून झाल्यावर साच्याने नवी उमटवायची. ठशाने नाणे पाडण्यामागेही हेच तत्त्व असते. कधी कधी देव स्वतः बोलेसुद्धा. त्यासाठी क्रौंच पक्ष्यांच्या श्वासनलिका जोडून नळी केली होती, आणि बाहेर बसलेला माणूस त्या नळीतून बोलत असे.

ल्युशियनने स्वतः एक परीक्षा घेतली. कागदावर आत एकच प्रश्न लिहिला, अलेक्झांडरचे बिंग कधी फुटणार? पाकिटावर मात्र 'आठ प्रश्न' असे लिहिले आणि आठांचे पैसे भरले. उत्तरे आठ आली. एकाचाही प्रश्नाशी संबंध नव्हता. असा साधा प्रयोग आजही कोणालाही करता येईल.

इथपर्यंत हसू येते. पुढची हकिगत हसण्याजोगी नाही. त्याच भागातल्या एका गृहस्थाचा मुलगा शिक्षणासाठी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात राहत होता. तो नाईल नदीने वर गेला, क्लिस्मा बंदरात भारताकडे निघालेले एक जहाज दिसले, आणि हा हौसेने त्यात चढला. सोबतचे गुलाम वाट पाहून थकले, तो मेला असे समजून घरी परतले. बापाने ग्लिकॉनला कौल लावला. उत्तर आले की गुलामांनीच मुलाला मारले. न्यायाधिकाऱ्याने त्या गुलामांना हिंस्र श्वापदांपुढे टाकण्याची शिक्षा दिली. काही काळाने मुलगा भारताची सफर करून सुखरूप घरी आला. एका माणसाने भर सभेत अलेक्झांडरला याचा जाब विचारला. तो एपिक्युरस या तत्त्वज्ञाचा अनुयायी होता. अलेक्झांडरने लोकांना त्याच्यावर दगड टाकायला सांगितले. एका वजनदार पाहुण्याने त्याला पाठीशी घातले म्हणून तो वाचला.

इ.स. १६५ च्या सुमारास साम्राज्यात मोठी साथ पसरली. दारावर लिहिली की साथ टळेल अशी एक ओळ अलेक्झांडरने घरोघर धाडली. ज्या दारांवर ती ओळ होती तीच घरे जास्त ओस पडली, असे ल्युशियन नमूद करतो. लोक त्या ओळीवर विसंबून राहिले आणि काळजी घेईनासे झाले, हे कारण असावे असेही तो सुचवतो.

साक्षीदारावर विश्वास किती?

आता इतिहासाचा खरा प्रश्न. ही सगळी साक्ष एकाच माणसाची, आणि तीही उघड शत्रूची. अलेक्झांडरने चुंबन घेण्यासाठी पुढे केलेल्या हाताला आपण कडकडून चावलो, हे ल्युशियन स्वतःच अभिमानाने सांगतो. शिवाय त्याचा व्यवसायच उपहासाचा. याच लेखकाने 'खरी कहाणी' नावाची गोष्ट लिहिली आहे, तीत एक जहाज वादळाने उचलले जाऊन चंद्रावर पोचते. अशा माणसाने सापाला कापडी डोके होते असे सांगितले, तर ते खरे धरायचे का? ग्लिकॉन ही सबंधच त्याच्या कल्पनेची करामत कशावरून नसेल?

ल्युशियन जाता जाता एक गोष्ट अशी सांगतो, की जी तपासून पाहता येते. अलेक्झांडरने सम्राटाकडे मागणी केली, की गावाचे नाव बदलून 'आयोनोपोलिस' करावे, आणि नवे नाणे पाडावे. त्याच्या एका बाजूला ग्लिकॉन असावा, दुसऱ्या बाजूला स्वतः अलेक्झांडर.

आयोन हा ग्रीकांच्या आयोनियन शाखेचा मूळपुरुष मानला जाई. म्हणजे 'अबोनूचा कोट' या गावठी नावाऐवजी खानदानी ग्रीक नाव. आपला 'यवन' हा शब्द याच आयोनियन नावावरून आला आहे. कार्ले आणि जुन्नरच्या लेण्यांत दान देणाऱ्या यवनांचे शिलालेख आपल्याला ठाऊक आहेतच.

नाणी काय सांगतात

नाणी खरोखरच सापडली आहेत. सम्राट अँटोनायनस पायस (इ.स. १३८ ते १६१) याच्या काळातल्या नाण्यावर साप आहे, ग्लिकॉन हे नाव आहे, आणि गावाचे नाव जुनेच आहे. मार्कस ऑरेलियसचा सहसम्राट लुशियस व्हेरस (इ.स. १६१ ते १६९) याच्या नाण्यावर तोच साप आहे, पण गावकरी आता 'आयोनोपोलिसकर' झाले आहेत.

एवढ्या दोन नाण्यांवरून किती गोष्टी कळतात पाहा. ग्लिकॉन ल्युशियनने रचलेला नाही. हा पंथ इ.स. १६१ पूर्वीच गावचा अधिकृत पंथ झाला होता. गावाचे नाव खरोखर बदलले, आणि तेही साधारण कोणत्या वर्षांत हे सांगता येते. ल्युशियनच्या सांगण्यावरून नाव आणि नाणे ही एकाच अर्जातली मागणी वाटते. नाण्यांवरून दिसते की साप आधी नाण्यावर आला, नाव नंतर बदलले. म्हणजे नाण्यांनी साक्षीदाराला दुजोरा दिला, आणि एका ठिकाणी त्याची दुरुस्तीही केली.

आणखी एक. आजवर सापडलेल्या कोणत्याही नाण्यावर अलेक्झांडरचा चेहरा नाही. देवाला जागा मिळाली, देवाच्या मध्यस्थाला नाही.

ल्युशियन सांगतो की अलेक्झांडरने आपण दीडशे वर्षे जगणार असे भाकीत केले होते, पण तो सत्तरीच्या आतच पाय सडून मेला. वाचताना वाटते, इथे गोष्ट संपली. नाणी म्हणतात, नाही संपली. ट्रेबोनियानस गॅलस या सम्राटाच्या काळापर्यंत, म्हणजे इ.स. २५१ ते २५३ पर्यंत, आयोनोपोलिसच्या नाण्यांवर हा साप दिसत राहतो. म्हणजे बुवा गेल्यावरही देव सत्तर-ऐंशी वर्षे टिकला. ल्युशियनला हे कळणे शक्यच नव्हते.

नाण्यांखेरीज इतर पुरावाही पुढे आला. आजच्या रुमानियातल्या आल्बा युलिया येथे ग्लिकॉनला अर्पण केलेले लॅटिन लेख मिळाले आहेत. १९६२ मध्ये काळ्या समुद्राच्या पश्चिम काठावरच्या कॉन्स्टान्टा शहरात, प्राचीन टोमिसमध्ये, एका खड्ड्यात पुरलेली दोन डझन शिल्पे सापडली. त्यांत संगमरवराचा एक साप होता, वेटोळ्यांसह ६६ सेंटिमीटर उंच. तोंड मेंढरासारखे, केस आणि कान माणसाचे. कोणीतरी तो मुद्दाम, जपून पुरला होता. गावाचे नावही पुसले गेले नाही. आयोनोपोलिसचे झिजत झिजत झाले इनेबोलू. तुर्कस्तानच्या नकाशात आजही ते सापडते.

नाणे काय सांगत नाही

इतके झाल्यावर मन सहज पुढची उडी घेते : ल्युशियनचे एवढे खरे निघाले, तेव्हा कापडी डोके, पोखरलेले अंडे, क्रौंचाची नळी हेही खरेच. इथे थांबले पाहिजे. नाणे या गोष्टींबद्दल काहीच सांगत नाही. नाण्यावर डोके निराळे आहे, पण ते कापडाचे आहे की देवाचे, हे ब्राँझवरून कळणार कसे? ल्युशियनने वर्णन केलेल्या युक्त्या शक्य आहेत, करून पाहता येतात, आणि चमत्कारापेक्षा त्या कितीतरी अधिक संभवनीय आहेत. पण त्या शक्य असणे वेगळे आणि नाण्याने सिद्ध होणे वेगळे. आपल्याला आवडणाऱ्या साक्षीदारालाही हा नियम लावायला हवा. आमच्या मते विज्ञाननिष्ठ माणसाची कसोटी इथेच लागते.

दुसऱ्या बाजूने, 'सम्राटाच्या नाण्यावर आहे, म्हणजे त्यात काही तथ्य असेलच' असे त्या काळच्या लोकांना वाटले असेल, तर तेही चूकच होते. नाण्यावर छापलेली गोष्ट खरी असतेच असे नाही. ती छापली गेली, तिला मान्यता होती, एवढे मात्र नक्की. आणि अशा मान्यतेची किंमत कोणीतरी मोजतो. ल्युशियनच्या म्हणण्याप्रमाणे अलेक्झांडरने त्याला भर समुद्रात बुडवण्याचा डाव रचला. ल्युशियन वाचला आणि फिर्याद करायला निघाला, तेव्हा प्रांताच्या सुभेदारानेच त्याला विनवून परत पाठवले. कारण रुटिलियानस हा रोमचा बडा सिनेटर अलेक्झांडरचा जावई होता. श्वापदांपुढे टाकलेल्या त्या गुलामांसाठी तर फिर्याद करायलाही कोणी नव्हते.

वर्गात करून पाहण्यासारखे

चालू नाण्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा, ठसा उमटेल. मग मुलांनी दोन याद्या कराव्या : या नाण्यावरून आपल्याबद्दल नक्की काय कळते, आणि काय कळत नाही. हजार वर्षांनी ते ज्याला सापडेल त्याच्या जागी स्वतःला कल्पून ही यादी केली, तर चर्चा चांगली रंगते.

वरच्या वर्गांसाठी एक हिशेब. ल्युशियन सांगतो की एका प्रश्नाचा दर एक द्राख्मा दोन ओबोल होता, आणि वर्षाची कमाई सत्तर-ऐंशी हजार. सहा ओबोलांचा एक द्राख्मा होई. रक्कम द्राख्मांत धरली तर वर्षाला ५२,५०० ते ६०,००० प्रश्न होतात, म्हणजे दिवसाला सुमारे १४४ ते १६४. पण तो असेही म्हणतो की एकेक जण दहा-पंधरा प्रश्न विचारी. मग रोजचे भक्त किती? दहा ते सोळा. आता मुलांना विचारा, हा आकडा अशक्य वाटतो का? शत्रूची साक्ष अशी आकड्यांनीही तपासता येते.

जाता जाता शेवटची एक माहिती. १९९४ मध्ये रुमानियाने दहा हजार लेईची एक नोट काढली होती. आता ती चलनात नाही. तिच्यावर निकोलाय योर्गा या इतिहासकाराचे चित्र होते, आणि त्याच्यासोबत कॉन्स्टान्टाच्या संग्रहालयातला तो संगमरवरी साप. सतराशे वर्षांनी ग्लिकॉन पुन्हा पैशावर आला. या वेळी त्याला कौल लावायला मात्र कोणी गेले नाही.